रुमालाखालचा हात

प्रिय हेमकांत,

शाळेत गुरुजींनी पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायला शिकवलं, म्हणून लिहिलं. तू फार प्रिय आहेस असं समजून खुशीत येऊ नकोस. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, मला दुसरी सुरुवात येत नाही. खाली सगळं रागाचंच आहे. चष्मा पुसून एका जागी बसून वाच. चालता चालता एका बोटानं वर सरकवायचं हे पत्र नाही.

दिवाळीनंतर तू मला एक निरोप पाठवला होतास, तो मला पाठ झाला आहे. 'प्रेमचंद, मी जगाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. वेळेच्या बाबतीत रास्त अपेक्षा ठेव. निरोप पाठवलास की उत्तराला एक दिवस देत जा.' रास्त अपेक्षा! हा शब्द कॅनडात जावयाकडून शिकलास की विमानात वाटत होते? उभी हयात ज्याच्याबरोबर घोड्यांची भागीदारी केली, त्याला असा शब्द लिहितात? कोर्टाच्या नोटिशीत असतो तसला शब्द. मी त्या दिवशी जेवलो नाही. रंजना म्हणाली, 'जेवा ना, हेमकांतभाऊनी काय शिवी देल शे का?' मी म्हटलं, शिवी दिली असती तर दोन घास जास्त खाल्ले असते.

आणि रास्त अपेक्षा तू तरी कुठे ठेवतोस? इथे पहाटेचं धुकं, तापीकडून वारा येतोय, मी अजून गोधडीत, आणि तुझा फोन, 'पाखरचा व्हिडिओ पाठव. चालतानाचा. आत्ताच्या आत्ता.' तुझी रात्रीची जेवणं होऊन तू रिकामा बसलेला असतोस, म्हणून तुझं 'आत्ता' हे खरं आत्ता. आणि माझं आत्ता ते म्हाताऱ्याचा आततायीपणा. श्रावणात तुझा हुकूम आला, की तिला महिन्याभरात रेवाल चाल शिकव, कोणीतरी गिऱ्हाईक मोबाइलवर बघतंय. अरे, घोडी आहे ती, शिलाई मशीन नाही. स्वाराच्या पोटातलं पाणी हलणार नाही अशी ती चाल, ती अंगात मुरावी लागते. हे तूच मला शिकवलं होतंस. तिकडच्या थंडीत ते गोठलं असेल.

आपली रीत विसरला असशील म्हणून लिहितो. शिंगरू दोघांनी मिळून घ्यायचं, माझ्या वाड्यात वाढवायचं, आणि तयार झालं की सारंगखेड्याच्या यात्रेत विकायचं. चारा, खरारा, आजारपण माझ्याकडे. सौदा तुझ्याकडे. कारण रुमालाखाली हात घालणं मला कधी जमलं नाही. तरुणपणी एकदा घातला होता. गिऱ्हाइकानं माझी बोटं दाबून भाव सांगितला आणि माझ्या तळहाताला असा घाम सुटला की त्याला न बोलता कळलं, हा माणूस घाबरलाय. त्यानं बोटं कमी कमी करत नेली. तू बाजूला उभा होतास. तू मला मागे ओढलंस आणि म्हणालास, 'तू घोडी धर. हात मी देतो.' तेव्हापासून मी घोडी धरली आणि तू हात दिलास. पुरुषोत्तमनगरला तुझी नोकरी असतानासुद्धा यात्रेच्या दिवसांत तू रजा टाकून यायचास. तुझा तो विटकरी रुमाल, त्याच्याखाली तुझा हात, आणि चेहऱ्यावर मुंगीसुद्धा हलायची नाही. सौदा झाला की घोडीचा दोर मात्र दोघांनी मिळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. तो नियमही तुझाच.

मग तू गेलास. नंदुरबारच्या फलाटावर गाडी लागली होती. तुझ्या सामानात मयूरीसाठी मिरचीची पूड, त्यामुळे अख्खा डबा शिंकत होता. तू रुमाल माझ्या खांद्यावर टाकलास आणि म्हणालास, 'सहा महिन्यांत येतो.' लेक एकटी पडते, नात लहान आहे, हे मला पटलं होतं. वहिनी गेल्यावर इथल्या रिकाम्या घरात तू भिंतींशी बोलायचास, हेही मी बघितलं होतं. जाऊ नको असं मी म्हटलं नाही. पण त्यानंतरची ही दुसरी यात्रा, हेमकांत. सहा महिने कधी संपतात तिकडे? मोठे असतात का तिथले महिने? रास्त अपेक्षा ठेवायची ती कोणत्या कॅलेंडरवर?

आणि दसऱ्याला तू फोनवर सांगून मोकळा झालास, की या यात्रेत पाखर विकून टाक, आता पुढचं शिंगरू घ्यायला नको, इथेच थांबू. इथेच थांबू म्हणजे काय ते मला समजतं. पाखर गेली की भागीदारी गेली. इतक्या वर्षांचं एका वाक्यात आटोपलंस, आणि वर शेपूट जोडलंस, 'पण पक्कं करण्याआधी मला विचार.' या शेपटानंच घात केला. यात्रेत सौद्याच्या दिवशी काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. चुडामण दलाल सगळ्या यात्रेला सांगतोय, तुलाच तेवढं सांगायचं राहिलं असेल.

दत्ताच्या जन्माला दोन दिवस झाले होते. पाखरला मी सकाळीच धुऊन, तेल लावून, गळ्यात लाल गोंडे बांधून उभी केली होती. चारी पायांवरची आणि कपाळावरची पांढरी, पाची कल्याणं अशी चमकत होती की येणारा-जाणारा थांबायचा. दुपारी भावनगरकडचे एक बापू आले. पांढऱ्या मिशा, पायात जड जोडे, बोलणं कमी. त्यांनी पाखरचे कान बघितले, खूर उचलून बघितले, तोंडात बोट घालून दात बघितले, आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून थोडा वेळ नुसते उभे राहिले. तेव्हाच मला समजलं, हा घेणारा माणूस आहे. चुडामणनं तुझा रुमाल माझ्या खांद्यावरून ओढला, बापूंच्या हातावर टाकला आणि मला म्हणाला, 'आप्पा, चला. आते तुमनाच हात शे.'

घातला मी हात. बापूंनी बोटं दाबली. भाव असा होता की तूसुद्धा ऐकून घसा साफ केला असतास. आकडा इथे लिहीत नाही. तू तो मयूरीला सांगशील आणि ती तिकडच्या पैशात करून म्हणेल, एवढंच? मला घाम सुटला, पण या वेळी भाव कमी होतोय म्हणून नाही. हो म्हटलं की संपलं. आणि तुला विचारायचं होतं. मी डाव्या हातानं फोन काढला आणि बापूंना म्हटलं, भागीदाराला विचारतो, आत्ता लागतो फोन. तुला माहीत आहे, रुमालाखालचा हात सोडला की सौदा तुटला. दुसऱ्यांदा तोच हात त्याच जनावरावर घालत नाहीत. म्हणून मी हात सोडला नाही आणि बापूंनीही सोडला नाही.

तू उचलला नाहीस. परत लावला. वाजून वाजून बंद झाला. तुझ्याकडे तेव्हा रात्र होती हे मला कळत होतं. मयूरीनं पाठवलेलं ते दुसरं घड्याळ माझ्या भिंतीवर आहेच, तुझ्या वेळेचं. पण भागीदाराची घोडी यात्रेत उभी असताना भागीदाराला झोप लागते कशी, हे त्या घड्याळात दिसत नाही. उन्हं कलायला लागली. माणसं गोळा झाली. कोणी हसतंय, कोणी मोबाइलवर चित्रं काढतंय. चुडामण म्हणाला, 'आप्पा, सौदा शे का लगन? म्हनशात ते बामन बलावू, अंतरपाट ते तयारच शे!' बापूंनाही हसू आलं. चहा आला, तो आम्ही दोघांनी डाव्या हातानं प्यायला. माझ्या दाढीवर सांडला तो बापूंनी स्वतःच्या फेट्याच्या टोकानं पुसला. मी दर थोड्या वेळानं म्हणतोय, आत्ता लागतो. बस, आत्ता. तुला निरोपावर निरोप बोललो. हेमकांत, उचल. हेमकांत, गिऱ्हाइकाचा हात हातात आहे. हेमकांत, हात बधिर झाला. बापू काही रागावले नाहीत. विचारू लागले, भागीदार कसा आहे, कुठला आहे, किती जुना. मी सांगत गेलो. मूर्खासारखा तुझं कौतुक सांगत बसलो त्या परक्या माणसाला. तू नदीला पूर असताना भाकड घोडीच्या शेपटीला धरून पलीकडे गेला होतास, तेही सांगितलं.

शेवटी बापूंनी माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाले, 'भाई, जवाब न आवे, ए पण जवाब छे.' उत्तर येत नाही, हेही उत्तरच. आमच्या बाजारात तर तोच कायदा आहे. समोरचा बोलला नाही, बोट हललं नाही, म्हणजे नाही. मी हात सोडला. रुमाल खाली मातीत पडला. पाखरनं नाकानं हुंगला, तिला त्यात तुझा वास आला असेल नाहीतर माझ्या घामाचा. लोक पांगले. हात खांद्यापर्यंत मुंग्या येऊन लोंबत होता, आणि मला तो तुझाच हात वाटत होता, माझ्या अंगाला चुकून लावलेला.

दिवेलागणीला तुझं उत्तर आलं. एक अंगठा. पिवळा, वर केलेला, एकच अंगठा! पाच निरोप होते माझे, त्यातल्या कोणत्या निरोपाला? घातला हात म्हणालो त्याला, की सोडला हात म्हणालो त्याला? दोन्हीला सारखाच अंगठा? मी कमी शिकलेला, तरी सोसायटीच्या कागदावर सही करतो. तू मॅट्रिक होऊन अंगठेबहाद्दर झालास. त्यावर मी तुला जे बोललो त्याचं तू वाईट मानून घेतलंस, आणि मग तो निरोप दुसऱ्यांदा पाठवलास. रास्त अपेक्षा. एक दिवस देत जा. तेव्हापासून मी तुझा फोन उचललेला नाही. बघ म्हटलं, कसं वाटतं.

आता पुढचं. हे तुला फोनवर कोणीही सांगणार नाही, कारण मी सगळ्यांना बजावलंय.

मी पाखरला घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला निघाले होते. आपलं गाव वाटेवरच, पाखरला परत एकदा बघावं म्हणून दारात थांबले. त्यांनी दुसरी घोडी घेतली नव्हती. मी त्यांना खाटेवर बसवलं आणि तुझ्या नावानं पुन्हा सुरू झालो, की भागीदार असा, भागीदार तसा, त्याच्यापायी तुमच्यासारखं गिऱ्हाईक गेलं. बापूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'काले सवारे कह्युं होत तो हुं काले सवारे आवत.' उद्या सकाळी म्हणाला असतात तर मी उद्या सकाळी आलो असतो. तुम्ही म्हणत होतात आत्ता, आत्ता. मी आत्तासाठी बसून राहिलो. आता यात माझी काय चूक? समोर गिऱ्हाईक असताना उद्या कोण म्हणतं? आपल्याकडे कोणी म्हणालंय कधी? सुताराला विचार, आत्ता. वायरमनला विचार, आत्ताच निघालो. सगळा मुलूख आत्तावर चाललाय, आणि बोल मला. तू उचलला असतास तर ते आत्ता खरं झालं असतं.

मी असा तणतणत असताना रंजना दारात येऊन उभी राहिली. तुझी वहिनी तुला माहीत आहे. ती मला म्हणाली, 'तुमले फोन लावता येस, इचारता येत नहीं.' आणि बापूंसमोर जाऊन बसली. बाईमाणूस सौद्याला बसलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. तिनं उजवा हात पुढे केला आणि त्याच्यावर स्वतःचा पदर टाकला. बापू गोंधळले. माझ्याकडे बघायला लागले. मी खांबाकडे बघायला लागलो. ती म्हणाली, 'भाऊ, भाव मंग. पहिले सांगा, घोडी कव्हय लई जाशात?' बापू म्हणाले, आज. ती म्हणाली, 'आज नहीं. पोर शे ती या घरनी. आखाजी करी दे तिले, मंग लई जा.'

आता सांग, याच्यावर कोण काय बोलणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्या दिवसांत कोणी लेक घरातून काढून देतं का? बापूंनाही लेकी असाव्यात. त्यांनी पदराखाली हात घातला. दोघांची बोटं काय बोलली ते मला दिसलं नाही. रंजनाच्या चेहऱ्यावरची मुंगीसुद्धा हलली नाही, अगदी तुझ्यासारखी. मला वाटतं ती इतकी वर्षं यात्रेत मागे उभी राहून तुलाच बघत होती. पदर उचलला तसे बापू हात जोडून उभे राहिले. सौदा झाला. घोडी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जाणार. मी एक दुपार मागितली तर मला सगळ्या यात्रेनं हसून घेतलं, आणि हिनं अर्ध्या मिनिटात चार महिने घेतले.

मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, भागीदाराला न विचारता सौदा करणारी तू कोण? ती चुलीकडे जाता जाता म्हणाली, 'त्यासनी वेळ मांगेल व्हता ना? मी लई देना.' त्यांनी वेळ मागितला होता ना, मी घेऊन दिला. तुला एक दिवस हवा होता. घे. चार महिने घे.

तर आता ऐक, कशासाठी लिहितोय. पाखर विकली गेली आहे, म्हणजे तू म्हणालास तसं झालं आहे. हे मी फोनवर कळवलं असतं तर तू अंगठा पाठवला असतास, आणि मग मला तुझं तोंड या जन्मात बघवलं नसतं. पत्राला अंगठा पाठवता येत नाही. पोस्टातला माणूस म्हणाला, पोचायला वीस दिवस नाहीतर महिना, सांगता येत नाही. मला बरं वाटलं. निदान महिनाभर मी त्या फोनवरच्या निळ्या खुणा बघत बसणार नाही, कारण तू वाचलंच नसणार हे मला माहीत असेल. रात्री झोप लागेल. उत्तर लिहू नकोस. काय लिहिशील ते मला नको आहे. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बापू येतील आणि पाखरचा दोर त्यांच्या हातात द्यावा लागेल. तो दोघांनी द्यायचा असतो, हा नियम तू केलास. तुझ्या अर्ध्या भागाच्या हातानं तो धरायचा तर त्या हाताबरोबर तुला यावं लागेल, मयूरीला घेऊन ये, तिलाही आखाजीला माहेर आहे, रंजनानं झोका बांधायचं ठरवलंय. आला नाहीस तर मी एकट्यानं देईन. घाम येईल, चुडामण हसेल. देईन. आणि मग उत्तर आलं नाही हेच तुझं उत्तर, असं धरून तुझं घड्याळ भिंतीवरून काढून टाकीन. सध्या ते चालू आहे. काल त्यात नवी बॅटरी घातली. पाखरला थोडा खोकला आहे, हळद-गूळ देतोय. तू असतास तर काय दिलं असतंस ते आठवत नाही. रुमाल धुऊन खुंटीला टांगला आहे.

आखाजीपर्यंत तुझाच,
प्रेमचंद